तंबोऱ्यासाठी हार्ड केस घरी बनवायची आहे: प्लाय किती जाडीचा, फोम कुठे हवा, कुठे नको?

खर्जातला_सा

पुरुषी तंबोऱ्यासाठी हार्ड केस स्वतः बनवायची आहे. गाडीच्या डिकीत, कधी रेल्वेत, कधी टेम्पोत सामानासोबत असा प्रवास धरा. कापडी गवसणी आहे, पण तिने ओरखडे वाचतात, आदळआपट झाली तर उपयोग नाही.

मापं अशी: एकूण लांबी १४८ सेंमी. भोपळ्याची सर्वांत जास्त रुंदी ४२, भोपळ्याच्या पाठीपासून तबलीपर्यंत (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी) खोली ३०. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) तबलीच्या वर साडेचार सेंमी. दांडी साडेनऊ सेंमी रुंद. चार खुंट्या, दोन समोरून आणि एकेक दोन्ही बाजूंनी. प्रत्येक खुंटी साधारण ७ सेंमी बाहेर येते. वजन ४.२ किलो.

करवत, ड्रिल, हातरंधा आणि सहा शिकंजे (क्लॅम्प) आहेत. साधं सुतारकाम जमतं, प्लाय वाकवायचं काम जमणार नाही. प्रश्न हे:

१. सरळ फळ्यांची केस चालेल का, की भोपळ्याभोवती गोलाई हवीच?
२. प्लाय ४ मिमी पुरेल की ६ घेऊ?
३. आतून सगळीकडे सोफ्याचा फोम गच्च भरावा असा विचार आहे. बरोबर आहे का?
४. झाकण आणि खोकं वेगवेगळं केलं तर कडा जुळतील याची खात्री कशी करायची?

---

रंधा_पटाशी

सरळ फळ्या चालतील, गोलाईची काहीच गरज नाही. वरून पाहिलं तर भोपळ्याकडे रुंद आणि डोक्याकडे निमुळता असा आकार करा. कोपऱ्यांत जी मोकळी जागा उरते ती वाया जात नाही, तिथे मार बसला तर तो भोपळ्यापर्यंत पोचत नाही.

आतली मापं तुमच्या आकड्यांवरून अशी निघतात:

लांबी १५७. वाद्य १४८, भोपळ्याच्या बुडाशी ४ सेंमी फोम, डोक्यापुढे ५ सेंमी मोकळी हवा. डोक्यापुढे फोम लावू नका. केस त्या टोकावर पडली तर तिथला फोम थेट दांडीच्या टोकावर दाब देतो. वाद्य पुढे सरकायचं थांबवणं हे भोपळ्याच्या खांद्याशी लावलेल्या ठोकळ्यांचं काम, दांडीच्या टोकाचं नाही.

रुंदी भोपळ्याकडे ४९, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन. बुडापासून ५० सेंमीपर्यंत हीच रुंदी ठेवा आणि तिथून निमुळती करत डोक्याशी २८ वर आणा. दांडी साडेनऊ आणि दोन्हीकडच्या खुंट्या सात-सात मिळून साडेतेवीस होतात, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन सेंमीच्या थोडं वर मोकळं राहतं.

खोली मोजताना बहुतेकांची नजर घोडीवर असते, पण वाद्य पाठीवर ठेवलं की सर्वांत उंच जातात त्या समोरच्या दोन खुंट्या. भोपळ्याची पाठ तळापासून ४ सेंमी वर धरा, त्यावर ३० म्हणजे तबली ३४ वर. दांडीची समोरची बाजू जवळपास त्याच पातळीत असते, म्हणून खुंट्यांची टोकं ४१ वर जातात. घोडी मात्र साडेअडतीसवरच थांबते. खुंट्यांच्या वर अडीच सेंमी ठेवून आतली खोली साडेत्रेचाळीस. दांडीच्या खाली इतकी खोली लागत नाही, म्हणून भोपळ्याचा भाग संपला की तळ तिरका वर घ्या आणि डोक्याशी खोली २६ करा. लांब बाजूच्या फळ्या सपाटच असतात; निमुळत्या भागाची फळी वेगळी, तिची खालची कड तिरकी कापली की झालं. तळाचेही दोन तुकडे होतील.

मापावर विसंबण्याआधी वाद्य कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा. पेन्सिल गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) चिकटवून गुण्या जमिनीवर उभा सरकवा. नुसत्या हाताने पेन्सिल फिरवली की ती भोपळ्याखाली तिरकी जाते आणि रेषा दोन-दोन सेंमी आत येते.

प्लाय: झाकण आणि तळ ४ मिमी, बाजू ६ मिमी. ८×४ फुटांचा प्रत्येकी एक ताव पुरतो. आतल्या सगळ्या कडांना १८×१८ मिमीची लाकडी बट्टी, लाकूडकामाचा पांढरा गोंद (पाण्याला टिकणारा) आणि बारीक खिळे. ४ मिमीचा मोठा सपाट तुकडा मध्ये दबतो, म्हणून झाकणाला आतून दोन आडव्या पट्ट्या द्या, एक भोपळ्यावर आणि एक दांडीच्या मध्यावर. घोडी आणि खुंट्या यांच्या बरोबर वर पट्टी येऊ देऊ नका. प्लायचं घन मीटरला वजन ६०० किलोच्या आसपास धरलं तर नुसता प्लाय साडेआठ किलो होतो. बट्ट्या, बिजागऱ्या, फोम धरून केस १२ किलोपर्यंत जाईल. बाजूही ४ मिमीच्या केल्या तर पावणेदोन किलो वाचतात, पण टेम्पोत इतर सामान बाजूनेच टेकतं. मी ६ च ठेवेन.

आता चौथा प्रश्न. झाकण आणि खोकं वेगळं बनवूच नका. सहाही बाजू बंद असलेलं खोकं पूर्ण जोडा, गोंद एक दिवस वाळू द्या, आणि मग ते कापून झाकण वेगळं करा. कडा आपोआप जुळतात, कारण त्या मुळात एकाच फळीच्या असतात. कापायची रेषा आतल्या माथ्यापासून साडेनऊ सेंमी खाली, म्हणजे तबलीच्या पातळीवर. जोडायच्या आधीच ही रेषा बाहेरून पेन्सिलने आखा आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंमीच्या पट्ट्यात एकही खिळा मारू नका. करवतीचं पातं खिळ्यावर गेलं तर पातं जातंच, शिवाय प्लायची कड फाटते.

कापताना चक्री करवत असेल तर पात्याची खोली प्लायपेक्षा १ मिमीच जास्त ठेवा. आधी दोन्ही लांब बाजू कापा. मग झालेल्या फटीत पात्याच्या जाडीइतके, साधारण ३ मिमीचे, लाकडाचे तुकडे घालून वरून चिकटपट्टी लावा आणि त्यानंतरच आखूड बाजू कापा. हे केलं नाही तर शेवटच्या कापाला झाकणाचं वजन खाली बसतं आणि पातं अडकतं. कोपऱ्यांतल्या बट्ट्या हातकरवतीने सोडवा.

कापल्यावर खालच्या खोक्याला आतून ४ मिमी प्लायची ४० मिमी रुंद पट्टी चिकटवा, १० मिमी वर आलेली. झाकण तिच्यावर बसतं, बाजूला सरकत नाही आणि धूळ-पाणी आत जात नाही. बिजागरीच्या बाजूला या पट्टीची बाहेरची कड कानसून तिरकी करा. नाहीतर झाकण फिरताना तिथेच अडतं, जोर लावला की बिजागरीचे स्क्रू उपटतात.

---

भार_आणि_तोल

रंधा_पटाशी यांनी खोक्याचं सगळं सांगितलं आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण केस भक्कम आणि तंबोरा फुटलेला, हे होतं ते आतल्या चुकीमुळे.

सोफ्याचा फोम नको. हिशेब बघा. हातात धरलेली केस ७५ सेंमीवरून सपाट पडली तर ४.२ किलोच्या वाद्यात सुमारे ३१ ज्यूल ऊर्जा असते, ती फोमला दबताना खायची असते. सोफ्याचा मऊ पीयू फोम ५ किलोपास्कलच्या आसपासच दबून जातो. ३५० चौ. सेंमी आधार आणि ४ सेंमी जाडी धरली तर तो सपाट होईपर्यंत पाच-सहा ज्यूलच खातो. उरलेले पंचवीस प्लायवर जातात. वर त्याची काही वर्षांत भुकटी होते ती वेगळीच. हाताला छान मऊ लागतो म्हणून लोक तो घेतात, पण हाताचा दाब आणि आपटण्याचा दाब यांत फार अंतर आहे.

ईपीई फोम घ्या: पांढरा, बंद पेशींचा, पॅकिंगमध्ये असतो तो, घन मीटरला २५ ते ३० किलो घनतेचा, २५ मिमीचे ताव. पंचवीस टक्के दाबायला त्याला ४० ते ५० किलोपास्कल लागतात.

पण नुसता योग्य फोम घेऊन भागत नाही, तो कुठे लावायचा हे जास्त महत्त्वाचं. भोपळा कवचासारखा आहे. त्याच्या पाठीच्या मध्यबिंदूवर दाब आला तर कवच आत वाकतं आणि तडकतं. तोच दाब कडेने वर्तुळात वाटला तर कवच तो सहज घेतं. म्हणून भोपळ्याखाली गादी नको, चुंबळ हवी. मध्ये भोक, भोपळ्याचा मध्य हवेत.

तुमच्या मापाला चुंबळ अशी करता येईल: २५ मिमीचे चार थर, बाहेरचा व्यास ३८ सेंमी. खालच्या तीन थरांना २० सेंमीचं भोक, वरच्याला २३ सेंमीचं. थर चिकटवून झाल्यावर आतली कड ४० नंबरच्या पॉलिश पेपरने तिरकी घासत न्या, अगदी वर २९ सेंमीपर्यंत. हे आकडे भोपळा अर्धगोल धरून काढलेत. खरा भोपळा एका बाजूला जरा चपटा, एका बाजूला फुगीर असतोच, म्हणून जाड तार भोपळ्यावर दाबून तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवा, दोन दिशांनी, आणि त्या साच्याने घासत चला. टेकणारी जागा ३९० चौ. सेंमीच्या आसपास यायला हवी. ३१ ज्यूलला ही चुंबळ दोन ते अडीच सेंमी दबते, मध्याखाली चार सेंमी मोकळे आहेत, म्हणजे पाठ तळाला लागत नाही.

आता गळा, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे जोडले आहेत ती जागा. तंबोरा सर्वांत जास्त तिथे तुटतो आणि त्याचं कारण बहुतेक वेळा दांडीखालचा कडक आधार असतो. केस पडली, भोपळा फोममध्ये दोन सेंमी खाली गेला आणि दांडी मात्र अर्ध्या सेंमीवर थांबली, तर उरलेलं वाकणं सगळं गळ्याच्या सांध्यावर येतं. दोन्ही एकसारखे खाली गेले पाहिजेत. त्यासाठी दोन गोष्टी सारख्या ठेवा: फोमची जाडी आणि दर चौ. सेंमीला येणारं वजन.

वजनाची वाटणी मोजता येते. भोपळा एका काट्यावर आणि दांडी दुसऱ्या काट्यावर, फोमचे आधार जिथे येणार आहेत तिथेच टेकवून ठेवा. समजा भोपळ्याकडे २.९ आणि दांडीकडे १.३ किलो आलं. मग भोपळ्याखाली ३९० चौ. सेंमी असतील तर दांडीखाली १७५ हवेत. म्हणजे ९×१० सेंमीचे दोन ठोकळे: एक गळ्याच्या पुढे १० सेंमीवर, पानांची नक्षी सोडून, दुसरा अटीच्या (डोक्याकडे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) अलीकडे. जाडी ८ सेंमी. तळ आणि दांडी यांच्यात याहून जास्त जागा उरेल तिथे ठोकळ्याखाली लाकडी आधार द्या, फोमची जाडी वाढवू नका. खुंट्यांना आणि डोक्याला कुठेही काहीही टेकायला नको.

झाकणातले ठोकळेही असेच ठरवून. तबलीच्या फक्त कडेवर, जिथे ती भोपळ्याला जोडली आहे तिथे, घोडीच्या दोन्ही बाजूंना ३ सेंमी रुंदीचे. जागा साडेनऊ सेंमी आहे, ठोकळा १० सेंमीचा ठेवा, म्हणजे झाकण लावल्यावर ५ मिमी दबून वाद्य हलत नाही. यापेक्षा जास्त दाब नको. दांडीवरचा ठोकळा तारांना लागू नये म्हणून मध्ये साडेपाच सेंमीची खाच काढा आणि दोन्हीकडे दोन-दोन सेंमीचे पाय ठेवा, ते दांडीच्या कडांवर टेकतील.

---

खर्जातला_सा

फारच उपयोगी. चुंबळीचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. दोन शंका. ईपीई पांढऱ्या गोंदाने चिकटेल का? आणि बारा किलोची केस अधिक वाद्य म्हणजे सोळा किलोच्या वर, जिना चढताना जड आहे. काचतंतूची (फायबरग्लासची) केस घरी जमेल का, आणि वजन खरंच उतरेल का?

---

काचतंतू

वजन उतरतं, पण काम जास्त आणि चिकट आहे.

२० मिमी एक्सपीएसची पाटी (पॉलिस्टायरीनचा फोम, निळा किंवा गुलाबी, थर्मोकोलपेक्षा घट्ट) कापून हेच खोकं तयार करायचं. त्याला बाहेरून २०० ग्रॅमच्या काचकापडाचे दोन थर, आतून एक, आणि इपॉक्सी. चौ. मीटरला पाटीचे सुमारे ६५० ग्रॅम, कापडाचे ६००, इपॉक्सीही तितकंच किंवा थोडं जास्त, म्हणजे १.९ किलो. तुमच्या मापाला पावणेतीन चौ. मीटर लागतात, कवच सव्वापाच किलोचं होईल. सगळं धरून सातेक किलो.

पॉलिएस्टर रेझिन अजिबात वापरू नका. त्यातलं स्टायरिन एक्सपीएस विरघळवतं, हात लावेपर्यंत पाटीत खड्डे पडलेले असतात. इपॉक्सीच. काचकापड टोकदार कडेवरून वळत नाही, तिथे ते उचललं जातं आणि आत हवा राहते. म्हणून सगळ्या बाहेरच्या कडा किमान ६ मिमी त्रिज्येने गोल करा. आतले कोपरे इपॉक्सीत बारीक भुसा कालवून बोटाने भरून घ्या. इपॉक्सी एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. मोठ्या डब्यात ते स्वतःच तापतं, धूर येतो आणि दगड होतं. उथळ ताटात पसरून ठेवलं तर काम करायला वेळ मिळतो. हातमोजे सतत, आणि घासताना चांगला मास्क. काचेची धूळ कापडी रुमालाने अडत नाही.

बिजागरी, कडी आणि मूठ जिथे येणार तिथे एक्सपीएस कोरून ६ मिमी प्लायचा तुकडा आधीच बसवा, मग त्यावरून कापड घ्या. नुसत्या पाटीत स्क्रू धरत नाही आणि नटबोल्ट आवळला तर ती चेपते. झाकण कापण्याची पद्धत हीच, फक्त कापलेल्या कडेला उघडा पडलेला फोम अर्धा सेंमी खरवडून इपॉक्सीच्या लगद्याने भरा.

पहिलीच केस असेल तर प्लायचीच करा असं सुचवेन. आतली मांडणी चुकली तर प्लायमध्ये बदल सोपे.

गोंदाबद्दल: ईपीईला पांढरा गोंद धरत नाही, वाळला की पापुद्रा निघतो. प्लायवर लावायला रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावून हाताला ओला लागेनासा होईपर्यंत, दहाएक मिनिटं थांबा आणि मग एकदाच नेमका टेकवा. नंतर सरकवता येत नाही. हाच रबरी गोंद एक्सपीएसला लावू नका, तो ते खातो.

---

जवारीदार

आतल्या अस्तराचं कोणी लिहिलं नाही. रेक्झिन किंवा कोणतंही विनाइल वाद्याला टेकू देऊ नका. त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं, पॉलिश चिकट होतं. सुती मखमल उत्तम, पण लाखेचं पॉलिश नवीन असेल तर महिनाभर थांबा, नाहीतर मखमलीची लव उमटते. उन्हात तापलेल्या गाडीत जुन्या लाखेवरही उमटते. रबरी गोंद वापरला असेल तर केस आठवडाभर उघडी ठेवा, वास पूर्ण गेल्याशिवाय वाद्य आत ठेवू नका. त्या वाफेनेही लाख मऊ पडू शकते.

तारा प्रवासाआधी दोन-तीन सूर उतरवा, पण पूर्ण सैल नको. पूर्ण सैल केल्या की घोडी जागची हलते आणि जवारीचे (घोडीवर तारांखाली घातलेले) दोरे निसटून केसच्या तळाशी जातात. घोडीच्या चारही कोपऱ्यांशी तबलीवर कागदी चिकटपट्टीच्या बारीक खुणा करण्यापेक्षा घोडीचं अंतर मोजून लिहून ठेवा. लाखेवरून चिकटपट्टी काढताना पॉलिशही निघतं. तारा आणि तबली यांच्या मध्ये मऊ सुती कापडाची घडी सरकवा, मणी पार खाली घोडीकडे आणून ठेवा.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर लहान आर्द्रतामापकही ठेवा. ४५ ते ६० टक्के ठीक. तबलीला ओलीपेक्षा अचानक आलेला कोरडेपणा जास्त बाधतो. डांबराच्या गोळ्या नकोत, पण केस महिनोन्‌महिने बंदही ठेवू नका; भोपळ्याला भुंगा लागतो आणि बंद अंधारात तो कळत नाही. पंधरा दिवसांनी उघडून भोपळ्याखाली बारीक पिवळी भुकटी पडली आहे का ते बघा.

---

रंधा_पटाशी

बिजागऱ्यांचं राहिलं. लांब बाजूच्या निमुळत्या भागात, एका सरळ रेषेत, चार, आणि कड्या समोर तीन: भोपळ्याशी, मध्ये, डोक्याशी. दोनच कड्या दिल्या तर झाकण मधोमध फुगतं आणि दांडीवरचा ठोकळा टेकत नाही. ४ किंवा ६ मिमी प्लायमध्ये स्क्रू धरत नाही, बट्टीत जाईल असा घ्या किंवा आतून रुंद वॉशर लावून रिव्हेट मारा. झाकण मागे पडून बिजागरी उपटू नये म्हणून दोन्ही टोकांना नाडीचा पट्टा. मूठ सगळ्यांत शेवटी: वाद्य आत ठेवून केस एका गोल दांड्यावर तोला, तोल जिथे येतो तिथे मुठीचा मध्य. अंदाजाने मध्यभागी लावली तर चालताना भोपळ्याची बाजू खाली झुकते आणि पायरीला लागते. मुठीच्या मागे आतून ६ मिमीचा जोड तुकडा द्या.

विमानाचा विचार असेल तर बहुतेक कंपन्यांची नेहमीच्या नगाची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी असते. ही केस त्याच्या कितीतरी पुढे जाते, आधी विचारून ठेवा.

पहिल्यांदा झाकण लावण्याआधी एक तपासणी न चुकता करा. मुलांच्या खेळायच्या मऊ मातीचे पाच-सहा गोळे करा, प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळा आणि समोरच्या दोन्ही खुंट्यांच्या टोकांवर, डोक्यावर आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना, पण घोडीला न लागता, साडेचार सेंमी उंच कागदी नळीवर ठेवा. गोळे चार सेंमी उंच. झाकण अलगद खाली आणा, कडी लावू नका, उघडा आणि प्रत्येक चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. खुंटीवर दोन सेंमीपेक्षा कमी उरली असेल तर खुंटी झाकणाला लागणार. झाकण बदलायची गरज नाही, दोन्ही दांडीचे ठोकळे सारखेच अर्धा सेंमी उतरवा आणि चुंबळही तेवढीच घासा. फक्त दांडीकडचं उतरवलं तर गळ्यावर ताण येईल.